आखाजीचा अर्धा बार

१६ फेब्रुवारी १९३६, रविवार. अमळनेर

ही वही माझ्या वर्गातल्या दलिचंदने दिली. म्हणाला, "यात भाषणं लिही, म्हणजे माझे कान वाचतील." मी म्हटलं, भाषणं नाही, रोजनिशी लिहिणार. पहिल्यांदा इंग्रजीत सुरू केली. चार ओळींतच परीक्षेतला निबंध वाटायला लागला. फाडून टाकली. सात वर्षं गणितापासून इतिहासापर्यंत सगळं इंग्रजीत शिकलो, पण स्वतःशी बोलायचं म्हटलं की मराठीच येते. घरी तर आमची खानदेशीच.

येत्या शनिवारी शाळेत डिबेट आहे. विषय हेडमास्तरांनीच काढला: बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्यांच्या भांडणात पडावं की नाही. मी 'पडावं' या बाजूने. दलिचंद विरुद्ध बाजूने. तिकडे इटली अ‍ॅबिसिनियाला तुडवतोय, अनवाणी माणसांवर विमानं सोडतोय, आणि इंग्लंड-फ्रान्स राष्ट्रसंघात, त्या लीगमध्ये, बसून ठराव लिहितायत. हे वाचून ज्याचं रक्त तापत नाही तो माणूसच नाही.

२२ फेब्रुवारी

जिंकलो! शेवटी मी विचारलं, "रस्त्यात एक दांडगा माणूस लहान पोराला मारतोय. तुमच्या हातात काठी आहे. तुम्ही म्हणाल का, हे त्यांचं घरचं भांडण आहे?" टाळ्या थांबेनात.

दलिचंद बरा बोलला, पण हळू बोलतो. त्याचा मुद्दा असा की इंग्रज खानदेशात आले तेव्हा तेही भांडणं मिटवायलाच आले होते. "सव्वाशे वर्षं झाली, पाहुणे अजून पंगतीतून उठले नाहीत," म्हणाला. पोरं हसली. हेडमास्तर मात्र खिडकीबाहेर बघत होते. मी माझाच मुद्दा आणखी जोरात बोललो.

नंतर वाटेत म्हणाला, "पितांबर, तुझ्या त्या दांडग्याच्या गोष्टीत एक राहिलं. त्या पोराला कोणी विचारलं का?"

मी म्हटलं, हरलेल्या माणसाने विचारायचे प्रश्न आहेत हे.

३ एप्रिल

मॅट्रिक संपली. पेपर बरे गेले. वर्तमानपत्रात आलंय की तिकडे विमानातून विषारी वायू सोडतात, तांबड्या क्रॉसच्या दवाखान्यावर बॉम्ब पडले. लीगने समिती नेमली. मला जेवण गेलं नाही. भिकमचंदशेठ, म्हणजे दलिचंदचे वडील, ज्यांच्या घरी मी शाळेसाठी राहतो, म्हणाले, "बेटा, तू न जेवल्याने इटलीचं काय बिघडलं?" मोठी माणसं अशीच बोलतात.

२१ एप्रिल. बोरथडी

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, घरी आलो. अक्काही आली आहे. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी येणारच. निंबाला झोका बांधलाय, आणि आळीतल्या साऱ्या लेकी सकाळपासून त्यावर गाणी म्हणतात.

अक्का म्हणजे माझी बहीण सुंदर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं सासर लांब नाही, बोरी नदीच्या पल्याड सावळखेडं. आमच्या घराच्या मातीच्या धाब्यावरून तिच्या घराचा धूर दिसतो. पण चालत दहा मिनिटांचं असलं तरी सासर ते सासर.

चंद्रीला आणलं नाही. अक्काची ही मुलगी आता दोन वर्षांची झाली. विचारलं तर म्हणाली, "सासू म्हने, चार दिन नात माझ्याजवळ राहू दे." हसत म्हणाली. पण मला पटलं नाही. आईपासून पोर काढून ठेवायची, याला पुस्तकात ओलीस म्हणतात.

आणि तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, जुना. विचारलं, तर म्हणाली, "तव्याचा." माय लगेच दुसरंच बोलायला लागली.

२५ एप्रिल, शनिवार

 जे झालं ते आजच लिहून ठेवतो.

आज बार होता. बार म्हणजे काय ते लिहितो, कारण पुढे लोक ही चाल विसरतील, आणि विसरले तर बरंच. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, गौराई पाण्यात शिरवून झाल्या की दोन्ही गावांच्या बाया नदीत उतरतात. आमच्या अल्याडच्या वाळूत, त्यांच्या पल्याडच्या. मध्ये उन्हाळ्यातली बारीक धार. आणि मग एकमेकींना शिव्या. तोंडाला येईल ते. मधून मधून खडे फेकायचे, तेही धारेत पडतील असे. पुरुषांनी वर दरडीवर बसायचं, खाली उतरायचं नाही. दिवस मावळला की दोन्हीकडच्या बाया त्याच धारेचं पाणी घेऊन चूळ भरतात. झालं. बोललेलं पाण्यात गेलं. मग गूळ वाटून घरी.

लहानपणी मी हे पाहून हसत होतो. यंदा शिकलेल्या डोळ्यांनी पाहिलं. ही वहीसुद्धा बरोबर नेली होती.

अक्का सगळ्यांत पुढे. पदर खोचलेला. समोर तिची सासू भागाबाई आणि नणंद बेबाबाई. अक्का ओरडली, "ए भागाबाई! तुन्हा घरना वरणमा डाळ शोधाले कंदील लागस!" अल्याडच्या बाया खिदळल्या. भागाबाई म्हणाली, "तुन्हा मायनी तुले फक्त खावाले शिकाडं! तीन भाकरी खास, मंग म्हनस भूक लागनी!" अक्का: "सहा महिना शिळी भाकर दिधी माले! हात जाळा मन्हा! दखा, बठ्ठा गाव दखा!" आणि तिने मनगट वर केलं.

मी लिहून घेतलं. शब्द न् शब्द. माझ्या बाजूला सगळे पुरुष हसत होते. आबासुद्धा. बाप हसतोय! माझ्या मनात आलं, हीच ती लीग.

तेवढ्यात बेबाबाईचा एक खडा धारेवरून आला आणि अक्काच्या कपाळाला लागला. रक्त आलं. अक्काने कपाळाला हात लावला. मी कसा उठलो आठवत नाही. दरड उतरलो, आबा मागून "पितांबर, अरे पितांबर" ओरडले, मी धार ओलांडून गेलो. बेबाबाईचा हात धरायला गेलो तर भागाबाई मध्ये आली. मी तिचा हात झटकला. ती गोट्यांवर पडली.

दोन्हीकडच्या बाया मागे सरल्या.

मग पल्याडचे पुरुष उतरले. अक्काच्या नवऱ्याने, चुडामणदाजींनी, मला एक थोबाडीत दिली. आमची माणसं धावली. काठ्या निघाल्या. चार-पाच डोकी फुटली. बाया पोरं उचलून पळाल्या. आमचे पोलीस पाटील धनसिंगनाना दोन्ही हात वर करून मध्ये उभे राहिले तेव्हा थांबलं.

चूळ कोणी भरली नाही.

अक्का घरी आल्यापासून बोलत नाही. घाबरलीय बिचारी. पण कोणीतरी उठायला हवं होतं. मी उठलो.

२७ एप्रिल. अमळनेर

आबांना न सांगता आलो आणि मामलेदार कचेरीत अर्ज दिला. इंग्रजीत, तीन पानी. सदर सुंदरबाईस सहा महिने उपाशी ठेवले, तिचा हात जाळला, तिचे मूल अडकवून ठेवले, आणि बार नावाच्या रानटी चालीच्या आडून तिच्यावर दगडफेक झाली. तिने सर्वांदेखत सांगितलेले शब्द खाली जोडले आहेत. सही: पितांबर सुकदेव.

साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "ड्राफ्टिंग चांगलं आहे तुमचं." खुर्ची दिली बसायला! आबा तिथे चपला बाहेर काढून उभे राहतात.

दलिचंदला सांगितलं. वाटलं होतं पाठ थोपटेल. तो एवढंच म्हणाला, "अक्काने वाचला का?"

तिला इंग्रजी कुठे येतं, म्हटलं.

६ मे

आदिस अबाबा पडलं. सम्राट आधीच आगगाडीत बसून देश सोडून गेला. सात महिने अख्खं जग बघत बसलं आणि कोणी गेलं नाही. मी रडलो. इथे कोणाला त्या गावाचं नावही म्हणता येत नाही.

निदान बोरीच्या काठी तरी असं झालं नाही.

११ मे. बोरथडी

फौजदार आणि चार शिपाई आले. दोन दिवस दोन्ही गावांत जबान्या झाल्या. मला वाटलं होतं ते फक्त पल्याड जातील. आमच्याकडचेही सहा जण धरले; मी अर्जदार, म्हणून मला सोडून. पल्याडचे सात, त्यात चुडामणदाजी. कच्च्या कोठडीत ठेवलंय. शिपायांचं जेवणखाण दोन्ही गावांनी आळीपाळीने करायचं असा हुकूम. कोंबडी मागतात.

फौजदाराने अक्काला ओसरीवर बोलावलं. आबा, धनसिंगनाना, सगळे समोर. माझा कागद मराठी करून वाचला. "हे तुम्ही बोललात का, बाई?"

अक्का खाली बघून म्हणाली, "बोलनू. पन ते बारमा बोलनू."

"म्हणजे खरं की खोटं?"

तिने माझ्याकडे बघितलं.  मी मान हलवली, सांग, घाबरू नकोस. ती म्हणाली, "साहेब, बारमा खरं-खोटं काय ऱ्हास?"

लिहून घेणाऱ्याने लिहिलं: होय, बोलले.

१२ मे

आज अक्का माझ्याशी बोलली. भाकरी थापत होती, मी चुलीजवळ बसलो होतो.

"तुले कोनी बलायं व्हतं रे भाऊ?"

मी म्हटलं, रक्त आलं होतं तुझ्या कपाळातून.

"येऊ दे ना. बेबीचा नेम पहिल्यांदा लागला. चूळ भरली असती आन मीच तिला चिडवलं असतं, वरीसभर. पोरगी मन्हा हातखालनी शे."

"आणि हात? तो तव्याचा डाग नाही."

तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "पळी लावली व्हती सासूने. तापलेली. एकदाच. दोन वरीस झाले. दुसऱ्या दिवशी मी ती पळी विहिरीत टाकून दिधी. चार दिवस वरण वाटीने वाढलं घरात. कोनी काही विचारलं नही. मग पळीबी नवी आली आन सासूबी." हसली. बारच्या दिवसानंतर पहिल्यांदाच हसली. मग तिच्याच लक्षात आलं आणि तोंड मिटलं.

"वरीसभर पोटात ठेवायचं आन एक दिवस ओरडायचं. तेवढा एक दिवस व्हता आमना. तू तो लिहून घेतला."

मी म्हटलं, पण तिने तुला जाळलं ना? ते खरं आहे ना? ती म्हणाली, खरं शे. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "मग काय? भाकर खा."

मला अजूनही वाटतं मी अगदी चुकलो नाही. पण कुठपर्यंत बरोबर होतो ते सांगता येत नाही. डिबेटमध्ये असं कोणी विचारत नाही.

१९ मे

भागाबाईचं मनगट मोडलंय. मी झटकला तोच हात. हाडवैद्याने बांधला, पण वाकडा बसला म्हणतात. आबांनी मध्यस्थ पाठवला होता, त्याला पल्याडच्यांनी पाणीही विचारलं नाही.

२३ मे

सकाळी पल्याडून एक बैलगाडी आली. गाडीवान घोंगडी पांघरून बसलेला, कोणाशी बोलला नाही. अक्काची पेटी, दोन लुगडी, पितळी तांब्या, तिची जातं झाकायची जुनी गोधडी. सगळं ओसरीवर उतरवलं. गाडी वळवली.

अक्का धावत गेली. गाडीत वाकून बघितलं. रिकामी होती. तरी गवत उचकून बघितलं.

माय म्हणाली, "पोर कुठे शे?"

गाडीवान म्हणाला, "पोर त्यांची शे."

२५ मे. अमळनेर

कचेरीत जाऊन साहेबांना म्हटलं, मला अर्ज मागे घ्यायचा आहे. ते हसले. आज खुर्ची दिली नाही. "अहो, अर्ज आता तुमचा राहिला नाही. सरकारचा झाला. शांतताभंगाचं काम आहे." मी विचारलं, आणि माझ्या बहिणीचं काय? त्यांनी कागद चाळले. म्हणाले, "त्यात बहिणीचा प्रश्न कुठे येतो?"

खरंच, आता त्यात बहीण नाही. दोन गावं आहेत, तेरा आरोपी आहेत, आणि पुढल्या हुकमापर्यंत बारला बंदी आहे. दोन शिपाई वर्षभर नदीवर राहणार.

बाहेर आलो तर दलिचंद झाडाखाली उभा होता. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं नव्हतं? तो म्हणाला, "चल, घरी चल. आईने खिचडी केलीय." त्याच्या आईने, पानबाईंनी, वाढताना एक शब्द विचारला नाही. दोनदा तूप घातलं. ते जास्त लागलं.

२ ऑगस्ट. बोरथडी

मॅट्रिक पास, दुसरा वर्ग. धुळ्याला एका वकिलाकडे कारकुनी मिळतेय. कॉलेजचं आबा आता बोलत नाहीत, मीही नाही.

स्पेनमध्ये लढाई सुरू झाली. एकाला इटली मदत करतंय म्हणे, दुसऱ्याला कोणी करावी यावर सगळे भांडतायत. पेपर उघडला आणि घडी करून ठेवला. आधी वाटायचं, अशा वेळी माझं मत नसेल तर मी मेलोच.

नदीला पूर आहे. पल्याडचं काही दिसत नाही. तरी अक्का धाब्यावर जाते.

२८ डिसेंबर. धुळे

दलिचंदचं पत्र. फैजपूरला अधिवेशन भरलंय, तो सावद्याला उतरून चालत गेला, लाखभर माणूस आहे म्हणे. "तू हवा होतास. इथे सगळ्या जगाचे ठराव होतायत." मी कार्डावर लिहिलं, प्रकृती बरी नाही.

७ फेब्रुवारी १९३७. बोरथडी

चुडामणदाजींनी दुसरी बायको केली. कोठडीतून सुटून आले तेव्हापासून त्यांच्या घरी बोलणी चालली होती. दोन महिन्यांपूर्वी ते एकदा चोरून पल्याडच्या दरडीवर येऊन बसले होते, अक्काने पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कोणी काही बोललं नाही, कारण मध्ये शिपाई बसलेला. आणि तो कागद. भावकीने सांगितलं, जी बाई सरकारात गेली ती घरात येत नाही. अक्का सरकारात गेली नव्हती. पण कागदावर तिचे शब्द आहेत.

बातमी आली तेव्हा ती गहू निवडत होती. माय रडायला लागली. अक्का म्हणाली, "गप्प बस. नवी येईल तिले चंद्रीचं आवडतं-नावडतं कोन सांगई? तिले दूधवरनी साय चालत नही." मग सूप झटकलं आणि परत बसली.

मी म्हटलं, धुळ्याला आमच्या वकीलसाहेबांना विचारतो, मुलीचा ताबा मागता येतो का.

ती अंग चोरून मागे सरकली. माझ्यापासून.

"आते कचेरी नको, भाऊ," म्हणाली. "मी पाया पडते तुन्हा."

१४ मे, शुक्रवार. बोरथडी

काल आखाजी झाली. निंबाला झोका होता, गाणी कमी होती. आज बार नाही. चारपेक्षा जास्त बायांनी नदीत जमू नये असं फळ्यावर लिहून लावलंय. वाचता येणाऱ्या बाया दोन्ही गावांत मिळून एकही नाही, म्हणून शिपायाने ओरडून सांगितलं.

दुपार कलल्यावर अक्काने घागर घेतली. आबा उठले, मीही उठलो. आम्ही दरडीवर जाऊन बसलो, जिथे पुरुष बसतात तिथे. ती एकटीच वाळूत उतरली. धारेपाशी घागर ठेवली आणि उभी राहिली.

बराच वेळ पल्याड कोणी नव्हतं. मग दरडीवरून भागाबाई उतरताना दिसली. म्हातारी दिसायला लागलीय. डाव्या हाताने चंद्रीला धरलेलं. उजवा हात पोटाशी, वाकडा. चंद्री पायाने चालत होती. गेल्या वर्षी कडेवर असायची.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये सात-आठ हात पाणी.

भागाबाई ओरडली, "काय व सुंदर! माहेरनं खाई खाई म्हैस व्हयनी का?"

आवाज फाटलेला होता.   अक्काने पदर खोचला.

"तुन्हा वरणमा डाळ सापडनी का, भागाबाई? का अजून कंदील लावस?"

शिपाई विडी टाकून उठला. आबांना म्हणाला, "काय चाललंय तिकडे?"

आबा म्हणाले, "पाणी भरतायत दोघी."

त्या बोलत राहिल्या. दोघीच. मागे हसायला कोणी नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शिवी पार ऐकू येत होती आणि संपली की नदीचा आवाज येत होता. भागाबाई म्हणाली, नवी सून तुझ्याहून आळशी शे. अक्का म्हणाली, बरं झालं, भोग आता. भागाबाई म्हणाली, रात्री पोर तुझं नाव घेत नाही, विसरली तुला. अक्का चंद्रीकडे बघत राहिली. मग भागाबाईच म्हणाली, "खोटं बोलनू." बारमध्ये असं कोणी म्हणत नाही.

मी उठलो होतो. कधी उठलो माहीत नाही. सात-आठ हात पाणी. चार ढांगा टाकल्या असत्या तर पोर उचलून आणता आली असती. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बसलो. बसणं बरोबर होतं की नाही हे मला माहीत नाही. फक्त बसलो.

दिवस मावळायला आला. भागाबाई वाकली. डाव्या हाताच्या ओंजळीत पाणी राहीना. दोन-तीनदा घेतलं, सांडलं. शेवटी तोंडच पाण्याला लावलं आणि चूळ भरली. अक्कानेही भरली. गेल्या वर्षाची आणि यंदाची.

चंद्रीने आजीचं बघून खाली वाकून एक खडा उचलला. आखाजीला नदीत उतरलं की समोरच्या बाईवर खडा फेकायचा, एवढं तिला कोणीतरी शिकवलंय. समोर कोण उभं आहे ते ओळखलं की नाही, देव जाणे. तिने हात मागे नेऊन सगळं अंग झोकून खडा टाकला. तो धारेच्या मध्यावर पडला.

भागाबाईने तिला ओढलं आणि दोघी दरड चढून गेल्या. शेवटपर्यंत मागे वळून बघणारी चंद्रीच होती.

अक्का घागर भरून वर आली. मी घागर घ्यायला हात पुढे केला. तिने दिली. या वर्षात पहिल्यांदा तिने माझ्या हातात काही दिलं.

खडा पडला त्या जागेकडे बघत होती. म्हणाली, "तिना हात लांबना रे, भाऊ. पुढला साले मन्हापर्यंत पोची जाई."